कोयता चांगला कशावरून?

कोयता विकत घेताना माणूस जे बघतो, त्यातलं बहुतेक फुकट असतं. पात्याची चकाकी बघतो, अंगठा आडवा फिरवून धार बघतो, फार झालं तर हवेत दोन वार करतो. धार तर सहाणेवर कुणालाही लावून मिळते. कोयता वर्षानुवर्षं चालेल की पहिल्याच हंगामात दगा देईल, हे दोन गोष्टींवर ठरतं: पोलादाला पाणी कसं दिलंय आणि मुठीच्या आत पात्याची शेपटी कशी गेलीय. नेमक्या याच दोन गोष्टी दुकानात दिसत नाहीत.

यावर राजापूर तालुक्यातल्या एका घराच्या ओटीवर चांगलीच जुंपली, ती जमेल तशी इथे उतरवतो. काका आंबा-काजूचे बागायतदार. त्यांची पुतणी धातुशास्त्राची इंजिनिअर, चाकणच्या एका फोर्जिंग कारखान्यात हीट ट्रीटमेंटचं काम बघणारी. मी घाटावरचा, मला एक कोयता घ्यायचा होता, एवढंच माझं निमित्त. मधे दोन कोयते ठेवलेले. एक गावच्या लोहारानं गाडीच्या कमानपाट्यातून घडवलेला, काळपट, पाठीवर हातोड्याच्या खुणा तशाच. दुसरा कारखान्यातला, पुतणीनं ऑनलाइन मागवलेला, नायलॉनच्या म्यानासकट.

काका : आधी हातात तर घे. हा बघ, उचलल्याबरोबर नाकाकडे झुकतो. कोयत्याचं वजन पुढे पाहिजे. कवळ तोडताना हातानं नुसती दिशा द्यायची, तोडायचं काम वजन करतं. तुझ्या कोयत्याचं सगळं वजन मुठीत. दिवसभर बेणणी करून दाखव याच्यानं, संध्याकाळी भाकरीचा तुकडा मोडवणार नाही.

पुतणी : वजनाचं मान्य. याची पाठ मुठीपाशी जाड आहे आणि नाकाकडे हळूहळू पातळ होत गेलीय, हेही मला आवडलं. ऐरणीवर खरंच घडवल्याशिवाय असं सहसा होत नाही. पट्टीतून कापून काढलेलं पातं बहुतेक वेळा टोकापर्यंत एकाच जाडीचं राहतं. पण काका, ही झाली घडण. पाण्याचं काय? लोखंड किती तापवून पाणी दिलं, हे तुझा लोहार सांगू शकेल?

काका : रंगावर देतो. आणि भर उन्हात देत नाही. खोपटाची झडप ओढून घेतो, काळोख करतो, मग भाता मारतो. उजेडात तापलेलं लोखंड असतं त्यापेक्षा थंड दिसतं, हे कळायला त्याला तुझ्या कॉलेजात जावं लागलं नाही.

पुतणी : चूक नाही त्याची. पण डोळ्यानं रंग ओळखताना पन्नास अंशांचा फरक सहज पडतो. त्यापेक्षा एक लोहचुंबक दोरीला बांधून भट्टीशेजारी टांगावा. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की चुंबकाला धरत नाही. तिथून थोडंच पुढे तापवायचं आणि बुडवायचं. फार पुढे गेलं तर पोलादाचे कण मोठे होतात. तुटलेल्या कोयत्याची कड कधी निरखून पाहिलीस? नीट तापवलेल्या पोलादाची कड राखाडी, बारीक पोताची असते. जास्त तापलेल्याची खडीसाखरेसारखी चमकते. ती चमक दिसली की समजायचं, लोहारानं भाता जरा जास्तच मारला.

काका : कड बघायला कोयता तुटावा तरी लागेल ना! माझा तुटलेला नाही.

पुतणीनं हे ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पुढचा प्रश्न टाकला: पाणी दिल्यावर काय? आणि काकांनी जे सांगितलं, ते मला त्या संध्याकाळचं सगळ्यात मोलाचं वाटलं. लोहार तापलेलं पातं अख्खं बुडवत नाही. फक्त धारेची बाजू पाण्यात धरतो, पाठ वर लाल राहू देतो. मग पातं बाहेर काढून धारेवर दगडाचा तुकडा झरझर घासतो, म्हणजे काळी खपली निघून धातू उघडा पडतो. पाठीत उरलेली धग धारेकडे उतरू लागते आणि उघड्या धातूवर रंग सरकताना दिसतात. आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा. जांभळा धारेला टेकायच्या आत पातं पुन्हा पाण्यात.

पुतणी : गवती रंग म्हणजे साधारण २२० अंश, तपकिरी २५५, जांभळा २८०. निळा दिसला की तीनशेला पोचलं. आम्ही हेच भट्टीत तास-दोन तास ठेवून करतो. पाणी दिल्यावर पोलाद काचेइतकं ठिसूळ असतं. ही दुसरी ऊब मिळाली नाही तर पहिल्या गाठीवर धार निखळेल. त्याची रीत शास्त्रशुद्ध आहे. नेपाळात खुकरी करणारे कामी लोक किटलीतून फक्त धारेवर पाण्याची बारीक धार सोडतात, तोही याच जातीचा प्रकार: धार कडक, पाठ मवाळ. माझी तक्रार रीतीबद्दल नाहीच. रोज तीच रीत, तशीच पार पडेल, याची हमी कोण देणार? त्याला ताप असेल, घाई असेल, पाटा वेगळ्या गाडीचा असेल.

इथे मला मधे बोलावं लागलं, कारण दोघंही कडकपणावरच अडून बसले होते. घाटावर मी कोयता बघितला तो ऊसतोडीचा. उसात साखर बुडख्याकडे जास्त, आणि बुडखा उंच ठेवला तर खोडवाही नीट फुटत नाही. म्हणून ऊस जमिनीलगत तोडायचा. म्हणजे घाव चुकला की पातं मातीत, कधी खड्यावर. जिथे नवरा-बायकोच्या जोडीलाच हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात आणि मजुरी टनावर मिळते, तिथे पातं मोडणं म्हणजे त्या दिवसाची तोड बुडणं. अशा कोयत्याला धार जरा लवकर बोथटली तरी चालते. तो तुटून चालत नाही, आणि फडातच कानस मारून पुन्हा धार आणता आली पाहिजे.

पुतणी : म्हणूनच आकडा सांगतेय. रॉकवेलच्या मापात, म्हणजे हिऱ्याचा सुळका दीडशे किलोच्या भारानं पोलादात दाबायचा आणि किती रुतला ते मोजायचं, त्या मापात मोठ्या तोडायच्या पात्याला ५४ ते ५८ पुरे. स्वयंपाकघरातल्या जपानी सुऱ्या ६० च्या वर असतात. त्या मासे कापायला उत्तम, पण खैराच्या गाठीवर मारल्या तर धारेचे टवके उडतील. कानस स्वतः ६२-६५ ची असते. तेव्हा कोयत्यावर कानस घसरली तर तो गरजेपेक्षा कडक, आणि लोण्यात गेल्यागत गेली तर मऊ. जोर लावल्यावर धरली पाहिजे.

काका : हे तू आता बोललीस. एवढं तर आमचा गडीही सांगेल, आकड्याशिवाय.

मग तिनं देवघरातली जुनी पितळी पळी मागितली. काकूंनी आधी साफ नकार दिला. मोडणार नाही असं वचन घेऊन मगच दिली. पळीचा गोल दांडा ओटीच्या कठड्यावर धरून पुतणीनं लोहाराच्या कोयत्याची धार त्यावर तिरकी टेकवली आणि दाबली. मला वाकून उजेडाकडे बघायला लावलं. धार जिथे पातळ घासलेली होती तिथे ती दांड्यावर किंचित, केसभर, फुगली आणि पातं उचलताच परत सरळ झाली. नाकापासून अर्ध्या पात्यापर्यंत असंच. मुठीकडे मात्र फुगलेली धार तशीच वाकडी राहिली. तिथे पोलाद मऊ होतं. कारखान्याचा कोयता या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा निघाला. फुगला तिथून सरळ झाला.

पुतणी : बघ. धार परतली तर पाणी बरोबर, वाकडीच राहिली तर कमी, तुकडा उडाला तर जास्त. तुझ्या लोहारानं अर्ध्याच पात्याला पाणी दिलंय.

काका : अर्ध्यालाच पाहिजे! मुठीपासून चार बोटांवर कोण मारतो? तिथे घाव बसला तर झटका सगळा मुठीत येतो. तिथे मऊ ठेवलंय म्हणून मूठ ढिली झाली नाही.

पुतणी : मुद्दाम ठेवलंय की भट्टी तेवढीच होती?

यावर काका थांबले. प्रश्न खोचक होता खरा, पण रास्तही होता. गावची भट्टी वीतभर रुंद. त्यात हातभर पातं एकदम सारखं तापत नाही, पुढेमागे सरकवावं लागतं. मऊ भाग कुठे राहावा हे लोहारानं ठरवलं असेल, किंवा भट्टीनं ठरवून लोहारानं ते मान्य केलं असेल. माझ्या मते फारसा फरक पडत नाही. मर्यादा कुठे आहे ते ओळखून ती बिनकामाच्या जागी ढकलणं, हीसुद्धा कारागिरीच.

पुढचा वाद मुठीचा. कारखान्याच्या कोयत्यात पातं मुठीच्या शेवटापर्यंत अखंड गेलेलं, दोन्ही बाजूंना फळ्या, तीन रिबिटं. काहीच झाकलेलं नाही. लोहाराच्या कोयत्याची शेपटी निमुळती, तापवून बाभळीच्या मुठीत ठोकलेली, तोंडाशी लोखंडी कडी. आत काय आहे ते लोहार जाणे.

काका : अखंड पट्टी दिसायला दणकट. पण घावाचा झटका थेट तळव्यात येतो. लाकडात गेलेली शेपटी झटका लाकडाला देते. शिवाय मूठ फुटली तर रानातल्या रानात दुसरी बसवतो मी. तुझी रिबिटं कोण काढणार?

पुतणी : मला शेपटीची भीती नाही, तिच्या खांद्याची आहे. पातं संपून शेपटी जिथे सुरू होते तिथला कोपरा काटकोनात कापलेला असेल, तर प्रत्येक घावाला सगळा ताण त्या एका रेषेवर येतो. वर्ष-दोन वर्षांत तडा जातो, आणि एक दिवस पातं सुटून कुणाच्या तरी पायावर. तो कोपरा गोलाईनं उतरवलेला पाहिजे. आणि शेपटी पात्यातूनच निघालेली पाहिजे, मागून वेल्डिंग केलेली सळई नको. मूठ काढल्याशिवाय यातलं काही दिसत नाही.

या बाबतीत मी पूर्ण तिच्या बाजूचा. १९८२ साली ‘फर्स्ट ब्लड’ सिनेमा आला. त्यातला पोकळ मुठीचा, पाठीवर करवतीचे दात असलेला सुरा जिमी लाइल या अमेरिकन कारागिरानं केला होता आणि तो पक्का होता. त्याच्या स्वस्त नकलांनी मात्र जगभरच्या बाजारात रांग लावली. मुठीत होकायंत्र, काड्यापेटी, गळ, सगळं मावतं. पातं तेवढं मुठीत दोन बोटंही जात नाही, एका नटावर उभं असतं. पाठीवरच्या दातांची प्रत्येक खाच म्हणजे पातं मोडायला करून दिलेली सुरुवात. सह्याद्रीत फिरणारी हौशी मंडळी आजही असला माल कमरेला लावून निघतात. तो लाकडावर मारण्यापेक्षा भिंतीवर टांगलेला बरा.

काकांनी आता पुतणीचा कोयता उचलला, चष्मा कपाळावर सारला आणि धारेचं टोक कंदिलाच्या उजेडात धरलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हा डाग कसला?”

नाकाच्या टोकाशी, धारेलगत, नखभर निळसर छटा होती. पुतणीनं पातं हातात घेतलं, अंगठ्यानं पुसलं. गेली नाही.

पुतणी : ग्राइंडरवर तापलंय. पाणी देऊन, भट्टीतून काढून, सगळं झाल्यावर शेवटी धार लावताना कुणीतरी कोरडंच दाबून धरलंय. निळं म्हणजे तीनशेच्या आसपास. टोकाचं पाणी तेवढ्यापुरतं उतरलं.

काका : मग तुझा आकडा?

पुतणी : आकडा बॅचचा असतो. नमुना भट्टीनंतर तपासतात. ग्राइंडरवरच्या माणसाला त्यानंतर कुणी तपासत नाही. निदान इथे तपासलेलं दिसत नाही.

दोघांच्याही बाजूला आता एकेक भोक पडलेलं होतं. लोहाराचं पाणी सगळीकडे सारखं नाही. कारखान्यानं सारखं दिलं आणि शेवटच्या माणसानं ते एका जागी उतरवलं. तरी वाद थांबला नाही, उलट जरा खोल गेला.

पुतणी : मोठ्या पात्याची खरी परीक्षा एकच, ते मोडेपर्यंत नेणं. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी म्हणून संस्था आहे, १९७६ सालची. तिथे जर्नीमन स्मिथ ही पहिली पायरी चढायची तर स्वतः घडवलेलं पातं परीक्षेला द्यावं लागतं, फार तर दहा इंच लांब आणि दोन इंच रुंद. टांगलेला इंचभर जाडीचा दोर एका घावात तोडायचा. मग लाकडाचा जाड दांडा दोनदा आरपार तोडायचा. मग त्याच धारेनं, मधे न लावता, हातावरचे केस काढायचे. शेवटी पातं व्हाइसमध्ये आवळून ९० अंशांत वाकवायचं. दोन तुकडे झाले तर नापास.

काका : छान. आणि वाकवलेलं पातं मग काय करतात?

पुतणी : ते गेलंच. वापरायच्या कामाचं राहत नाही.

काका : म्हणजे परीक्षा दिलेला कोयता कुणालाच मिळत नाही. मिळतो तो त्याचा भाऊ, न तपासलेला.

पुतणी : म्हणून तर भाऊ एकसारखे असायला हवेत! कारखान्यात एक मोडला तर उरलेल्यांबद्दल काहीतरी कळतं. तुझ्या लोहाराचा एक मोडून मला दुसऱ्याबद्दल काहीच कळणार नाही. एकाचा पाटा ट्रकचा, दुसऱ्याचा जीपचा. एक सिलिकॉनच्या पोलादाचा, दुसरा क्रोमचा. त्यात जुना पाटा लाखो हेलकावे खाऊन आलेला, आत बारीक तडा असला तर घडवूनही जात नाही. रॉकेलमध्ये बुडवायचं, कोरडं पुसायचं, वर खडूची पूड चोळायची. तडा असेल तर आतलं रॉकेल खडूत उतरून काळी रेघ उठते. दहा रुपयांची तपासणी. करतो का तो?

काका : नाही करत. पण तडा गेला तर पातं त्याच्या ओट्यावर नेऊन टाकतो मी. तो बघतो, शिवी घालतो, दुसरं करून देतो. पैसे घेत नाही. फाळ घेऊन येणारी, विळा पाजवायला येणारी चार माणसं तिथे बसलेली असतात, त्यांच्यासमोर. तुझ्या कारखान्याला तू काय करशील? फोटो काढून पाठवशील, ते पैसे परत देतील. कोयत्याचं कोण बघणार?

माझा कौल इथे काकांकडे झुकला, आणि जिव्हाळ्यापोटी नव्हे. ज्या वस्तूची पक्की परीक्षा ती मोडल्याशिवाय होत नाही, तिच्या बाबतीत गिऱ्हाईक शेवटी वस्तू विकत घेत नाही. ती मोडल्यावर कोण समोर उभा राहील, ते विकत घेतो. चार माणसांसमोर बोल खाण्याची धास्ती ही लोहाराची तपासणी व्यवस्था आहे, आणि ती ग्राइंडरवरच्या अनामिक हातापर्यंत पोचत नाही. पण पुतणीनं लगेच जे विचारलं त्याला माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

पुतणी : त्याचं वय काय? सत्तरीला आला असेल. मुलगा मुंबईला. तो गेल्यावर तुझी हमी कुठे राहते?

काका : दिवाळीनंतर घिसाडी येतात रस्त्याकडेला. त्यांची बाई घण मारते तेव्हा बघत राहावं.

पुतणी : हातात कसब असेल त्यांच्या, पण पंधरा दिवसांत पाल उठवून पुढे जातात. चार माणसांसमोर उभं करायला ते कुठे सापडणार? त्यांच्या बाबतीत तुलाही माझ्यासारखंच करावं लागेल: कानस, पळी, खडू.

काकांना हे रुचलं नाही. त्यांनी विषय गंजावर नेला. स्टेनलेसचा कोयता घ्यावा की नाही, यावर पाच मिनिटंही वाद टिकला नाही, कारण दोघांचं एकमत होतं: खाऱ्या हवेत गंजत नाही हे खरं, पण त्याला पाणी द्यायला हजार अंशांच्या पुढे नेमकं तापवावं लागतं, गावच्या भट्टीत ते नीट साधत नाही, आणि एकदा बिघडला की दुरुस्तीची वाट बंद. साध्या पोलादाला पावसाळ्याआधी खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की झालं.

मला भीती वेगळी होती. हल्ली शहरात कोयता म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गुंडांच्या टोळ्याच येतात. बसमधून नेताना कुणी हटकलं तर? शस्त्रांच्या नियमात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं परवान्याच्या कक्षेत येतं, पण घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. “म्हणजे सरकारलाही कळतं,” काका म्हणाले, “नुसतं पातं मोजून भागत नाही, काम कुठलं ते विचारावं लागतं.” पुतणी म्हणाली, “पण आधी मोजतात, काका.”

शेवटी तडजोड निघाली ती तिच्याकडून. लोहाराला सांगायचं, माझ्या कोयत्याला मूठ बसवू नकोस, नुसतं पातं दे. शेपटी उघडी असली की खांद्याची गोलाई बघता येते, वेल्डिंग आहे का ते दिसतं, खडू लावता येतो. सगळं ठीक असेल तर तिथेच त्याच्यासमोर मूठ ठोकून घ्यायची. काकांना यात खोट काढता आली नाही, म्हणून त्यांनी चुंबकाला हरकत घेतली.

“मूठ सोडून दे, हे मी सांगेन. चुंबकाचं तू सांग. मी सांगितलं तर म्हणेल, इतकी वर्षं माझेच कोयते वापरलेस, आता काय झालं?”

“सांगते. चुंबक माझ्याकडून भेट.”

“आणि तुम्ही,” काका माझ्याकडे वळले, “मुठीशिवाय म्हणून पैसे कमी करायला सांगू नका. ऐकणार नाही तो.”